साडेअकरा फुटांवरचं कडं

मी कडं बोलतोय. हातातलं नव्हे, पायातलंही नव्हे. मोटेचं कडं. लोखंडी, सव्वा फूट रुंद तोंडाचं, आणि वजनाला असं की पायावर पडलो तर आठवडाभर नाव काढाल. हल्लीची पोरं मला 'रिंग' म्हणतात. म्हणोत बापडी.

निमगाव सावाच्या अलीकडं माळावर आमची वस्ती आहे. नकाशात शोधू नका, सापडायची नाही. तिथं सोमाजी लोहारानं मला घडवलं. भिमाजी नावाच्या शेतकऱ्यानं सांगितलं होतं, "सोमाजी, मोट बारकी कर. माझी बैलं लहान हायती." म्हणून माझं तोंड लहान राहिलं. पुढं त्यावरून एवढं रामायण घडेल असं त्या दोघांना काय माहीत!

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोट म्हणजे पाणी काढायची चामड्याची मोठी पिशवी. ती दोरानं विहिरीत सोडायची, भरली की बैलांनी ओढून वर आणायची आणि पाटात ओतायची. पिशवीच्या तोंडाला मी. तोंड उघडं ठेवायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं ना? आयुष्यभर तोंड उघडं ठेवून गप्प राहून बघा एकदा.

भिमाजीला घाई म्हणून ठाऊक नव्हती. मोट पाण्यात पुरती बुडेपर्यंत तो बैलांना हलू द्यायचा नाही. काठावर वाकून विचारायचा, "भरली का?" कुणाला विचारायचा देव जाणे. मग एकदम ओरडायचा, "वढ!" उतावळ्या माणसाची मोट अर्धीच वर येते आणि बैल मात्र पुरते दमतात, असं त्याचं म्हणणं होतं. मी रोज ऐकायचो.

मग विजेची मोटार आली. बटण दाबलं की पाणी. गरज सरो, वैद्य मरो. चामडं कुजून गेलं, बैल विकले गेले आणि भिमाजीच्या बायकोनं, धोंडाबाईनं, मला दाराशी तीन दगडांवर ठेवून माझ्यावर पाण्याचा माठ ठेवला. दहा वर्षं मी तो माठ सांभाळला. अपमान होता, पण गारवा होता. खोटं कशाला बोलू?

एक्याण्णव साली वस्तीवरच्या शाळेत रामदास सर पुण्याहून दहा दिवसांचं शिबिर करून आले. येताना त्यांनी बास्केटबॉलचे दोन चेंडू आणले. चेंडू मंजूर झाले होते, रिंग झाली नव्हती. शाळा भिमाजीच्या घराला लागूनच. सर पाणी प्यायला आले, माठ बघितला, माठाखालचा मी बघितला आणि तांब्या हातातच राहिला.

"भिमाजीभाऊ, हे कडं द्याल का शाळेला?"

"न्या की. पर पयला चेंडू आमच्या सोपाननं टाकायचा."

धोंडाबाई आतून ओरडली, "आन् माठ काय डोक्यावर ठिवू?" तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. सोपान तिचा एकुलता एक. बारा वर्षांचा, काडीसारखा, हात गुडघ्यापर्यंत.

खांबाला बोअरचा तेरा फुटी पाइप मिळाला. सातवीच्या वर्गातला तडा गेलेला फळा माझ्या पाठीमागं ठोकला. त्यावर कुणीतरी सोडवलेलं काळ-काम-वेगाचं गणित तसंच होतं. सरांचा हिशोब सरळ होता: तीन फूट खाली गाडायचा, दहा फूट वर ठेवायचा. पण दीड फुटावर कातळ लागला. पहार मारली की ठिणग्या उडायच्या. तेवढ्यात संस्थेच्या अध्यक्षांची, भगवंतरावांची, जीप माळावर दिसली. उद्घाटन त्यांच्या हस्ते होतं. आता करायचं काय? पोरांनी खांब तसाच उभा केला, भोवती दगड-सिमेंट भरलं आणि सगळे ओळीत उभे राहिले. मी साडेअकरा फुटांवर गेलो.

भगवंतरावांनी नारळ फोडला, फीत कापली, खेळाच्या महत्त्वावर पाऊण तास भाषण केलं. त्यात कबड्डी होती, कुस्ती होती, बैलगाडा होता. बास्केटबॉल नव्हता. सोपाननं पहिला चेंडू टाकला तो माझ्यापर्यंत पोचलाच नाही, लोकांनी तरी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सर भीत भीत म्हणाले, "साहेब, खांब दीड फूट कापावा लागेल. उंची चुकलीय."

"कापायचा?" भगवंतरावांच्या भुवया वर गेल्या. "सर, नारळ फुटलाय! मुहूर्तमेढ रवल्यावर कुणी हालवतं का? लग्नघरात इचारा जाऊन. अपशकुन व्हतोय. उंच हाय तर हाय, पोरांनी उंच टाकावा."

लग्नाच्या मांडवाची मेढ हलवत नाहीत हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. अशा रीतीनं जगभरात कुठं नसेल एवढ्या उंचीवर, जगभरात कुठं नसेल एवढ्या लहान तोंडाची रिंग आमच्या माळावर कायम झाली. चेंडू मध्ये धरला तर भोवती तीन-तीन बोटं जागा. नाचता येईना, अंगण वाकडं म्हणतात. आमचं अंगण खरंच वाकडं होतं.

बाकीच्या पोरांनी महिनाभर प्रयत्न केला आणि क्रिकेटकडं पळाली. सोपान एकटा राहिला. सकाळी शाळेआधी, संध्याकाळी शाळेनंतर. चेंडू माझ्या कडेवर आपटायचा आणि मी ठण्ण करायचो. कबूल करतो, सुरुवातीला मला मजा वाटायची. माठाखाली दहा वर्षं गेलेल्यानं एवढं हसू नये की काय?

भिमाजी अंगणात खाटेवर बसून बघायचा. त्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एक दिवस तो ओरडला, "आरं, अर्धीच मोट वढतूस व्हय! आधी भरू दे की!"

"म्हंजे?"

"म्हंजे गुडघ्यात बस. पायात जोर भरू दे. भरला का? मंग वढ. हातानं काय फेकतूस खुळ्यावानी!"

सोपान गुडघ्यात वाकला. खाटेवरून आवाज आला, "भरली का?" क्षणभर तो थांबला. "वढ!" चेंडू आभाळात गेला, वरून सरळ खाली आला आणि माझ्यातून असा गेला की मला स्पर्शसुद्धा झाला नाही. मी ठण्ण करायला तयार होतो, राहूनच गेलं. तेव्हा मला विहिरीची आठवण आली हो. किती वर्षांनी माझ्या तोंडातून काहीतरी गेलं होतं.

त्यानंतर सहा वर्षं हेच. "भरली का? वढ!" धोंडाबाई चुलीपाशी कपाळाला हात लावायची. म्हशीला पाणी नाही, वैरण नाही, बापलेक आपले लोखंडाकडं बघत बसलेत! जाता-येता ती माझ्याकडं बोट करून म्हणायची, "ह्ये कडं माझं पोरगं गिळणार एक दिवस."

सत्त्याण्णव साली सर सोपानला पुण्यात निवड चाचणीला घेऊन गेले. तिथला प्रशिक्षक त्याचा उंच चेंडू बघून म्हणाला म्हणे, "अरे, छप्पर फोडायचंय का?" मग वीस चेंडूंत एकोणीस आत गेले आणि प्रशिक्षकाचं तोंड माझ्याएवढं उघडं राहिलं. एका कारखान्यानं त्याला खेळाडू म्हणून नोकरीला ठेवलं. सोपानचं पहिलं पत्र सरांनी खाटेपाशी वाचून दाखवलं: 'आबा, इथली रिंग विहिरीएवढी आहे. न बघता टाकला तरी जातो.' भिमाजी इतका हसला की त्याला ठसका लागला.

पुढं सोपान मोठा खेळाडू झाला. राज्याकडून खेळला, पेपरात फोटो आले. आमच्या लोकांना सत्काराचं भारी वेड. तो वर्षातून दोनदा यायचा आणि दोन्ही वेळा शाल-नारळ. भाषणात भगवंतराव म्हणायचे, "आमच्या दूरदृष्टीनं हा हिरा घडला." सोपान सर्वांचे आभार मानायचा. संस्थेचे, सरांचे, ग्रामदैवताचे, कारखान्याच्या मालकाचे. मी डोक्यावर लोंबकळत ऐकायचो. माझं नाव कधी आलं नाही. बरं, माझं जाऊ द्या. खाटेवरच्या म्हाताऱ्याचंही आलं नाही.

दोन हजार एक साली भिमाजी गेला. सोपान तेव्हा लांब कुठंतरी अंतिम सामना खेळत होता. निरोप पोचेपर्यंत उशीर झाला. चुलत्यानं अग्नी दिला. सोपान आला तो तिसऱ्या दिवशी, सावडायला. हातात करंडक होता, तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना. धोंडाबाई त्याच्याशी बोलली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "गिळलंस ना?" मी लोखंड असलो तरी ते मला लागलं. आजही लागतं.

दोन वर्षांनी सोपानचा गुडघा गेला. उड्या संपल्या की कारखान्याचं प्रेमही संपतं. त्यानं सहा महिन्यांचा प्रशिक्षकाचा कोर्स केला आणि दोन हजार चार साली तो आमच्याच शाळेत परत आला. लंगडत, गळ्यात शिट्टी, काखेत फाइल. त्याच वर्षी निधी आला आणि नवं मैदान झालं. एका टोकाला नवीकोरी रिंग बसली, मापात, पांढरी जाळी. दुसऱ्या टोकाला रिंग मंजूर नव्हती, हे आता तुम्हाला सांगायला नको. त्या टोकाला माझा खांब होता. तो कातळातून उपटेना, म्हणून राहिला. मी मात्र कुरूप दिसतो म्हणून मला काढलं. नारळ फुटल्याची आठवण त्या दिवशी कुणालाच झाली नाही. मी पुन्हा तीन दगडांवर, पुन्हा डोक्यावर माठ.

तिथून मैदान दिसायचं, म्हणून सगळं सांगू शकतो. सोपान मुलींचा संघ तयार करत होता. आणि खरं सांगायचं तर, प्रशिक्षक म्हणून त्याला काडीचं जमत नव्हतं. "रिलीज बघ! फॉलो-थ्रू कुठाय? कोपराचा अँगल!" पोरी मान हलवायच्या आणि चेंडू रिंगच्या हातभर अलीकडं पडायचा. मग त्याचा पारा चढायचा. "एवढं साधं जमत नाही? तुमच्या वयात मी डोळे मिटून टाकायचो!" टाकायचास बाबा, पण कसं? हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. तीन वर्षं संघ पहिल्याच फेरीत घरी आला.

सात साली भगवंतराव मैदानावर आले. तोवर निम्म्या मैदानावर त्यांचा कांदा वाळत पडलेला असायचा.

"सोपानराव, स्पष्ट बोलतो. यंदा जिल्ह्यात नंबर आला तर ठीक. न्हाईतर हितं मंगल कार्यालय बांधायचं ठरतंय. लोकांची लई मागणी हाय."

"आणि माझं काय?"

"तुमी काय, आपलं माणूस. कार्यालयाची देखरेख करा की!"

सोपान माठाशी येऊन पाणी प्यायला आणि तांब्या हातात धरून उभा राहिला. बाप गेला, गुडघा गेला, आई धड बोलत नाही; उरलं होतं ते एवढं मैदान. आता तिथं उभं राहून तो लोकांच्या वरातीला पार्किंग दाखवणार होता.

संघात वृषाली नावाची मुलगी होती. जीप चालवणाऱ्या भिकाची लेक. बुटकी, पण चिकट. सगळ्या गेल्या तरी ती चेंडू टाकत बसायची आणि चेंडू सगळे अलीकडं. एका संध्याकाळी धोंडाबाई दारात तांदूळ निवडत होती. तिनं दहा बघितले, वीस बघितले. शेवटी तिला राहवेना. सूप खाली आदळून ती ओरडली,

"अगं ये बये! अर्धीच मोट वढतीस व्हय? आधी भरू दे की!"

वृषाली गोंधळली. "काय भरू दे, आजी?"

"गुडघ्यात बस. बसलीस? आता थांब. पायात जोर येऊ दे. भरली का?" धोंडाबाईचा आवाज माळभर गेला. "वढ!"

चेंडू उंच गेला आणि जाळी नुसती सळसळली. वृषाली 'आजीऽ' करून ओरडली. सोपान फाइल आवरत होता, ती त्याच्या हातातून पडली. तो लंगडत लंगडत आईपुढं आला.

"आये, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हंजे? सहा वरीस ह्याच दारात ऐकलं मी. तुझा बाप खाटंवर बसून ह्येच बोंबलत व्हता. तू ईसरलास. मला कसं ईसरता यील?"

सोपान तिथंच पायरीवर बसला आणि तोंड झाकून रडला. बाप गेल्यावर तो रडलेला मी पाहिला नव्हता. धोंडाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सहा वर्षांनी. मग ती उठली, माझ्यावरचा माठ उतरवला आणि म्हणाली, "घे ह्ये तुजं कडं. माठाचं बघीन मी."

मी पुन्हा साडेअकरा फुटांवर चढलो. फाइल कपाटात गेली. दीड महिना पोरी माझ्यावरच टाकत राहिल्या. धोंडाबाई खाटेवर बसायची, "भरली का?" विचारायची आणि पोरी एका सुरात ओरडायच्या, "वढ!" सुरुवातीला मी खूप ठण्ण केलं. नंतर नंतर कमी.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला मी नव्हतो. राबणाऱ्याला बोलावणं कधी असतं? ऐकलं ते सांगतो. शेवटचे काही सेकंद, आमच्या पोरी एका गुणानं मागं, आणि वृषालीला दोन फ्री थ्रो. समोरच्या संघाच्या मुली ओरडत होत्या. वृषाली नंतर धोंडाबाईला म्हणाली, "आजी, मी वर बघितलं आन् मला हसूच आलं. केवढी मोठी ती रिंग! विहीरच जणू!" दोन्ही गेले.

झालं, वस्तीला सत्काराचं भरतं आलं. चार फ्लेक्स लागले, चारांवर भगवंतराव. मंगल कार्यालय रद्द झाल्याचं त्यांनीच जाहीर केलं आणि टाळ्याही घेतल्या. इथवर ठीक होतं. पण मग त्यांना माझी आठवण झाली. नेमकी तेव्हाच व्हायची होती!

"ह्या ऐतिहासिक कड्याचा यथोचित सन्मान झाला पायजे!"

दुसऱ्या दिवशी मला खांबावरून उतरवलं. सोनेरी रंग दिला. संस्थेच्या कार्यालयात, भगवंतरावांच्या खुर्चीमागं, भिंतीवर ठोकलं. माझ्या तोंडात सोपानचा फोटो काचेसह गच्च बसवला, फोटोला झेंडूचा हार घातला, खाली उदबत्ती लावली. जन्मभर तोंड उघडं ठेवण्यात ज्याचा जीव, त्याच्या तोंडात काच. येणारे-जाणारे हात जोडायचे. बाहेर विभागाच्या सामन्याला तीन आठवडे राहिले होते आणि पोरी रिकाम्या खांबाखाली उभ्या होत्या. सोपान दोनदा मागायला आला. "सोपानराव, सन्मान परत मागत्यात का?" असं म्हणून त्याला चहा पाजून परत पाठवलं. तो पडला पगारी माणूस.

तिसऱ्या वेळी धोंडाबाई आली. उंबऱ्यातच थांबली. हार बघितला, उदबत्ती बघितली.

"भगवंता!" अध्यक्षांना एकेरी हाक मारायची छाती वस्तीत तिचीच. "माझं पोरगं जितं हाय का मेलं?"

"अहो वैनी, असं काय बोलता..."

"मंग जित्या माणसाच्या फोटूला हार कुणी घातला? उदबत्ती कुणी लावली? नवरा गेला, आता लेकाचं बी उरकलंस व्हय रं?"

भगवंतरावांचा चेहरा उतरला. शकुन-अपशकुन जाणणारा माणूस तो, आणि नेमका तिथंच चुकला होता. कार्यालयातले कारकून फोटोकडं बघायचे आणि माना खाली घालायचे. धोंडाबाईनं खुर्ची ओढली, वर चढली, हार तोडला, फोटो काढून पदरात गुंडाळला आणि मला खिळ्यावरून उपसून खांद्यावर घेतलं. साठीच्या पुढची बाई, पण माठ उचलणारे हात ते.

मैदानावर सोपाननं शिडी लावली. भगवंतराव मागून धापा टाकत आले. "थांबा, थांबा! कमिटी बोलवू, चांगला दिवस बघू, नारळ तरी फोडू!"

धोंडाबाईनं वळूनसुद्धा बघितलं नाही. "नारळ फुटलाय. एक्याण्णव सालीच. मुहूर्तमेढ हाय ती, तूच म्हनला व्हतास. हालवत न्हाईत."

तर पावणं, मी आता पुन्हा साडेअकरा फुटांवर आहे. सोनेरी रंगाचे पोपडे चेंडू आपटून आपटून पडतायत, खालचं काळं लोखंड दिसायला लागलंय. बरं वाटतं. पोरी विभागाला हरल्या की जिंकल्या, हे विचारू नका. त्या उद्या जाणार आहेत. एवढंच मागणं आहे: या बाजूला आलात तर माझा सत्कार करू नका, हात जोडू नका, तोंडात काही बसवू नका. जमलं तर एक चेंडू टाका. अलीकडं पडला तर खाटेवरून एक म्हातारी ओरडेल. तिचं ऐका.

आत्ता या घडीला सोपान एकटाच खाली उभा आहे. पोरी घरी गेल्यात. कित्येक वर्षांत त्यानं स्वतः चेंडू टाकलेला नाही. दुखरा गुडघा सावरत तो हळूहळू वाकतोय. खाटेवर धोंडाबाई सरसावून बसलीय.

"भरली का?"

"थांब की, आये. भरतीय."